ठाणे स्टेशनच्या आसपासची किती जागा पार्किंगखाली गेलीय? कोणी मोजलंय का?

नौपाडाकर

नमस्कार मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. अमेरिकेत पार्किंग रिफॉर्म नेटवर्क म्हणून संस्था आहे, त्यांनी तिकडच्या शंभरावर शहरांच्या मधल्या भागाचे नकाशे केलेत आणि जेवढी जागा निव्वळ गाड्या उभ्या करायला जाते तेवढी लाल रंगवलीय. मोठ्या शहरांत सरासरी पाचवा हिस्सा लाल, टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला तर ४२ टक्के. म्हणजे शहराच्या ऐन बाजारपेठेत चाळीस टक्के जमिनीवर डांबर ओतून पांढऱ्या पट्ट्या मारून ठेवल्यात, आणि तरी लोक म्हणतात पार्किंग मिळत नाही.

आता ठाण्याचं बघायचं म्हटलं तर पश्चिमेला स्टेशन, जांभळी नाका, तलावपाळी, राम मारुती रोड, गोखले रोड असा साधारण चौकोन धरला आणि वरून सॅटेलाइटने बघितलं, तर पार्किंगचा प्लॉट म्हणावा असं काही दिसतच नाही. गावदेवीला आहे ते मैदानाच्या खाली, वरून मैदानच दिसणार. स्टेशनला लागून पे अँड पार्क आहे, बाकी चिल्लर. पण संध्याकाळी सातला त्याच चौकोनात चालत फिरा, दोन्ही बाजूला गाड्या, फुटपाथवर स्कूटर, गल्लीच्या तोंडाशी रिक्षा. मग ही जागा कुठल्या हिशोबात धरायची? कोणी प्लॅनिंगवाले, आर्किटेक्ट असतील तर सांगा, मोजायची काही पद्धत असते का.

स्टिल्ट_प्लस_सात

पद्धत आहे पण त्या नकाशाची पद्धत इथे चालणार नाही, कारण त्यात रस्त्याच्या कडेचं पार्किंग धरलेलंच नाहीये, फक्त रस्त्याबाहेरचे प्लॉट आणि बहुमजली पार्किंगच्या इमारती. तिकडे जुन्या इमारती पाडून प्लॉट मोकळे केले, कारण प्रत्येक ऑफिस-दुकानाला अमुक इतकं पार्किंग दिलंच पाहिजे असा नियम गावोगावी होता. आपल्याकडे नौपाड्यात प्लॉट मोकळा करून त्यावर गाड्या लावायच्या एवढी स्वस्त जमीन कोणाकडे आहे? त्यामुळे आपलं पार्किंग तीन ठिकाणी लपलेलं असतं, रस्त्यावर, बिल्डिंगच्या पोटात आणि बिल्डिंगच्या मार्जिनमध्ये, म्हणजे बिल्डिंगभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत.

आधी रस्ता घ्या. १२ मीटरचा रस्ता असेल आणि एका बाजूला चारचाकी लागल्या तर किमान दोन मीटर गेले, म्हणजे रस्त्याचा सहावा हिस्सा. सम-विषम तारखेचा बोर्ड लावलाय तिथे कागदावर एवढंच. प्रत्यक्षात दोन्ही बाजूला लागतात, मग तिसरा हिस्सा गेला. आता त्या चौकोनातले रस्ते एकूण जमिनीच्या पाव असं धरून चाला (हे फक्त गणितासाठी, मोजलेलं नाही), तर नुसत्या रस्त्यावरच चार ते आठ टक्के जमीन पार्किंगखाली, आणि एकही प्लॉट दाखवता येणार नाही.

आता बिल्डिंगच्या पोटातलं. राज्याचे बांधकाम नियम, २०२० ला आलेलं यूडीसीपीआर, त्यात एका चारचाकीचा चौकोन अडीच बाय पाच मीटर, साडेबारा चौरस मीटर. पण गाडी काही हेलिकॉप्टरने त्या चौकोनात उतरत नाही, तिला रॅम्प लागतो, मधला ड्राइव्हवे लागतो, वळायला जागा लागते. आम्ही ऑफिसात ढोबळमानाने गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर धरतो. झोपडपट्टी पुनर्वसनात एका अख्ख्या कुटुंबाला ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं, म्हणजे जवळपास २८ मीटर. बघा आता जुळवून.

आणि हे सगळं एफएसआयमधून, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशोबातून, मोकळं असतं, म्हणून घोडबंदर रोडच्या टॉवरांना खाली गाड्यांच्या चार-पाच मजल्यांचा पोडियम दिसतो. राहायच्या चौरस फुटाला एफएसआय मोजून लागतो, गाडीच्या नाही. बिल्डरला दोष देऊन उपयोग नाही, नियमच तसा आहे, तो पार्किंग दाखवणार नाही तर प्लॅन पास होणार नाही.

सेक्टर_नऊ_वाशी

ठाण्यात निदान जुनं गाव आहे म्हणून सवलत द्या, आमच्याकडे तर सिडकोने १९७० पासून आखून शहर बसवलं. स्टेशनसमोर एवढी मोठी जागा सोडलीय, वाशी घ्या, नेरूळ, बेलापूर घ्या, पावसात स्टेशनच्या दारातून समोरच्या रस्त्यावर येईपर्यंत अर्धा भिजतो माणूस. त्या जागेत गाड्या. सकाळी आठला लावलेली गाडी संध्याकाळी आठपर्यंत तिथेच, मालक मुंबईला. माझ्या मते नवी मुंबईत तो अमेरिकन नकाशा केला तर ठाण्यापेक्षा कितीतरी जास्त लाल निघेल, स्टेशनची फोरकोर्ट, मॉलची पार्किंगं. एपीएमसी बाजाराचे ट्रक तर रस्त्यावरच.

दुसरी गंमत मार्जिनल स्पेसची. दुकानासमोर जी मोकळी जागा सोडायची असते तिथे प्लॅनवर गाड्या दाखवलेल्या असतात. प्रत्यक्षात तिथे टेबलं, पत्र्याची शेड, शोरमाचा उभा रॉड, पाणीपुरीवाला. मग गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार, रस्त्यावर. महापालिका अधूनमधून येऊन शेड तोडते, आठवड्याने परत उभी. तेव्हा कागदावरचं पार्किंग आणि जमिनीवरचं पार्किंग हे दोन वेगळे आकडे मोजा, माझी नम्र सूचना.

शिवाय इथलंच प्रकरण हायकोर्टात गेलं होतं, ऑगस्ट २०२१. नवी मुंबईच्याच एका रहिवाशाची जनहित याचिका होती की नव्या नियमांत बिल्डरला द्यायला लागणारं पार्किंग कमी केलंय. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती दत्ता आणि न्यायमूर्ती कुलकर्णी यांच्या खंडपीठाने विचारलं होतं की फक्त परवडतं म्हणून एका कुटुंबाला चार-पाच गाड्या का घेऊ देता, आधी पार्किंग आहे का ते बघा.

गाळा_नंबर_चार

सगळं वाचलं. तुम्ही लोक मोजा, नकाशे रंगवा, पण माझं गोखले रोडला दुकान आहे, वडिलांपासून. पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक मॉलला जातं हे मी रोज बघतो. बाई गाडीतून काच खाली करून विचारते, अमुक साइज आहे का, तेवढ्यात मागून हॉर्न, मग टोइंगची व्हॅन, “एक्टिव्हा बाजूला घ्या, एक्टिव्हा बाजूला घ्या” असं भोंग्यावर ओरडत, आणि बाई गेली ती गेलीच. माल उतरवायला टेम्पो दहा मिनिटं थांबला तरी चलान. तुम्ही म्हणताय पार्किंग जास्त झालंय, इथे आम्हाला एक गाडी लावायला मिळत नाही.

स्टिल्ट_प्लस_सात

@गाळा_नंबर_चार काका, राग समजू शकतो, पण एक विचारतो, रागावू नका. तुमच्या रांगेत सकाळी दहा वाजता जागा अडवून बसतं कोण? मी त्या भागात साइटला रोज जायचो तेव्हा बघितलंय, शटर उघडायच्या आधी दुकानदाराची स्वतःची गाडी समोर लागते, मग दोन-तीन नोकरांच्या बाइक, वरच्या मजल्यावरच्या क्लासच्या सरांची गाडी, सीएच्या ऑफिसातल्या पोरांच्या स्कूटर. त्या रात्री नऊपर्यंत हलत नाहीत. आणि जिथे गाडी नाही तिथे सिमेंट भरलेला टायर नाहीतर कुंडी ठेवलेली असते, “आपलीच जागा आहे” म्हणून. तुमच्या गिऱ्हाइकाची जागा तिथे गेली.

डोनाल्ड शूप म्हणून अमेरिकेत प्राध्यापक होते, २०२५ मध्ये वारले, त्यांनी आयुष्यभर हाच विषय केला. त्यांचं म्हणणं सोपं होतं. रस्त्यावरच्या जागेचा दर इतका ठेवा की कुठल्याही वेळी प्रत्येक गल्लीत एखाद-दुसरी जागा रिकामी सापडेल, साधारण ८५ टक्के भरलेली. दिवसभर लावणारा मग लांब लावेल किंवा ट्रेनने येईल, अर्ध्या तासाचं गिऱ्हाईक समोर लावेल. आणि जमलेले पैसे त्याच रस्त्यावर खर्च करा, महापालिकेच्या मोठ्या पिशवीत नको. कॅलिफोर्नियातल्या जुन्या पॅसाडेनात १९९३ ला मीटर लावले तेव्हा दुकानदार याच कारणाने तयार झाले, की पैसा त्यांच्याच फुटपाथवर, दिव्यांवर खर्च होणार होता. आपल्याकडे ही शेवटची अट कोणी पाळेल का हा वेगळा प्रश्न.

गाळा_नंबर_चार

टायर माझा नाही, शेजारच्याचा आहे. 😄 पण पैसे त्याच रस्त्यावर खर्च होणार असतील तर मी पहिली पावती फाडतो, लिहून द्या. तुम्हालाही माहिती आहे की होणार नाहीत.

ऐरोली_ठाणे_अपडाऊन

सगळे चारचाकीचंच बोलताय म्हणून मध्ये पडते. स्टेशनला येणाऱ्या बहुतेकांकडे स्कूटर नाहीतर बाइक आहे. नियमात एका दुचाकीला एक बाय दोन मीटर, म्हणजे एका गाडीच्या चौकोनात सहा बसतात, आणि पे अँड पार्कवाला दादा तर आठ-नऊ बसवतो. त्याची कला बघण्यासारखी आहे. बोर्डवर लिहिलेलं असतं हँडल लॉक करू नये, तुम्ही जरा लांब उभी केलीत की तो मागून सीटखालचा दांडा धरून उचलतो, चाकावर फिरवतो आणि दोन ॲक्टिव्हांच्या मध्ये अशी सरकवतो की आरसे मिटवावे लागतात. संध्याकाळी तुमची स्कूटर तिसऱ्या रांगेत आत असते, तो आधीच्या पाच बाहेर काढतो, तुमची देतो, पाच परत आत. ट्रेन आल्यावर हे सलग चालू. पावती कमरेला, तोंडात मावा, आणि कोणाची कुठली हे त्याला नंबर न बघता कळतं.

तर मोजताना चौरस फुटावर माणसं किती येतात तेही बघा ना. त्याच साडेबारा मीटरमध्ये एक एसयूव्ही, त्यात एक माणूस. किंवा आठ स्कूटर, आठ-दहा माणसं. किंवा मग टीएमटीची बस थांबायची जागा, त्याचा तर हिशोबच वेगळा. स्टेशनला सॅटिसचा पूल केला तेव्हा निदान बस वर नेल्या, ते एक बरं झालं. पण खालचा रिक्षाचा आणि खाजगी गाड्यांचा गुंता बघितलात तर बसला मिळालेली जागा किती आणि बाकीच्यांना किती ते एकदा रंगवून दाखवा.

कोपरी_पूर्व

थोडं वेगळं मत. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास आहे, नौपाड्यात डॉक्टर, लॅब, एक्सरे सगळं आहे, आणि क्लिनिक पहिल्या मजल्यावर. रिक्षावाला अर्ध्या वेळा नाही म्हणतो. मला गाडी दारात न्यावीच लागते. दर वाढवून गर्दी कमी करा म्हणणाऱ्यांनी अपंग, वयस्क लोकांच्या दोन जागा प्रत्येक गल्लीत पक्क्या राखून मग काय ते दर वाढवावेत. आता आहेत त्या राखीव जागांवर पण कोणाची तरी जीप उभी असते, आणि पुढच्या काचेवर कसलंतरी स्टिकर.

सेक्टर_नऊ_वाशी

+१, कोपरी ताई. स्टिकरचा मुद्दा तर स्वतंत्र धागा काढावा इतका मोठा आहे.

परिवहन मंत्र्यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केलं होतं ते आठवतं का, पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी नाही. सरनाईक म्हणजे तुमच्या ठाण्याचेच आमदार, त्यामुळे त्यांना काही कोणी नकाशा दाखवायची गरज नाही. जपानमध्ये हे १९६२ च्या कायद्यापासून आहे, घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा आहे असा दाखला लागतो आणि पोलीस येऊन खरंच बघून जातात. आपल्याकडे तसं झालं तर दाखला देणारा कोण? सोसायटीचा सेक्रेटरी. एका स्टिल्टवर, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या एका जागेवर, चार दाखले निघतील बघा.

स्टिल्ट_प्लस_सात

त्यात अजून एक पाचर आहे. स्टिल्टची आणि मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकताच येत नाही असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१० मध्येच सांगितलंय, ती सोसायटीची सामायिक जागा. म्हणजे तुम्ही ज्या “माझ्या पार्किंग”चा दाखला देणार ती जागा बऱ्याच ठिकाणी तुमची नसून वाटून दिलेली आहे. एजीएममध्ये चिठ्ठ्या टाकून दरवर्षी बदलतात अशा सोसायट्या आहेत. दाखला कोणत्या वर्षाचा धरायचा?

जपानचं उदाहरण देताना लोक अर्धंच सांगतात असंही वाटतं. तिकडे दाखला चालतो कारण रात्री रस्त्यावर गाडी ठेवायचीच सोय नाही, बंदी आहे. आपल्याकडे रात्री अकरानंतर राम मारुती रोडच्या आतल्या गल्ल्यांत जा, ती सगळी घरगुती गाड्यांची झोपायची जागा आहे. जुन्या तीनमजली बिल्डिंगांना पार्किंग नव्हतंच, बांधल्या तेव्हा गाडी कोणाकडे होती? त्या आता रिडेव्हलपमेंटला चालल्यात, प्रत्येक नवीन बिल्डिंग पोटात चाळीस-पन्नास गाड्या घेऊन उभी राहणार, आणि त्या सकाळी त्याच नऊ-दहा मीटरच्या गल्लीत बाहेर पडणार. पार्किंग वाढवलं की रस्त्यावरची गर्दी कमी होते या समजुतीचा निकाल नौपाड्यात पुढच्या काही वर्षांत लागेल.

म्हणूनच परदेशात उलट चाललंय. लंडनने २००४ ला किमान पार्किंगची अट काढून कमाल मर्यादा घातली, मेक्सिको सिटीने २०१७ ला तेच केलं, कॅलिफोर्नियात २०२३ पासून रेल्वे किंवा मोठ्या बस थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत बहुतेक ठिकाणी पार्किंगची सक्तीच नाही. ठाणे स्टेशनपासून अर्धा मैल मोजला तर तुमचा अख्खा चौकोन जवळजवळ त्यात येतो. आपल्या केंद्र सरकारच्या २००६ च्या शहरी वाहतूक धोरणातही लिहिलंय की पार्किंगचा दर त्या जमिनीच्या किमतीला साजेसा हवा. गोखले रोडवर १३० चौरस फुटाच्या, म्हणजे साधारण एका गाडीच्या चौकोनाएवढ्या, गाळ्याचं भाडं विचारून या आणि मग पे अँड पार्कच्या पावतीकडे बघा.

नाव_काय_करायचंय

हो म्हणजे श्रीमंतांनी पैसे भरून लावायच्या आणि आम्ही मुंब्र्याहून लोकलला लटकत यायचं. आधी लोकल वाढवा, बस वाढवा, मग दर.

ऐरोली_ठाणे_अपडाऊन

@नाव_काय_करायचंय लोकलला लटकत येणाऱ्याला पार्किंगच्या दराने काय फरक पडतो ते सांगा. आत्ता तुम्ही स्टेशनहून चालत निघता ते फुटपाथ सोडून रस्त्यावरून, कारण फुटपाथवर कोणाची तरी फुकटची बुलेट उभी आहे. बस वाढवा हे एकदम मान्य, पण ती बस पण त्याच डबल पार्किंगच्या मागे अडकते.

नौपाडाकर

बापरे, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मग असं करूया का, अख्खा चौकोन नको, एकच पट्टा घेऊ, गावदेवी मैदानापासून राम मारुती रोडपर्यंत. गुगल अर्थवर पॉलिगॉन काढून चार थर वेगळे रंगवायचे, प्लॉटवरचं आणि मैदानाखालचं अधिकृत एक, रस्त्याच्या कडेचं दोन, फुटपाथ आणि मार्जिनमधलं तीन, बिल्डिंगच्या स्टिल्टचं चार. स्टिल्ट वरून दिसत नाही त्यामुळे ते चालतच बघावं लागेल, वॉचमन आत सोडेल तिथपर्यंत. दुचाकी-चारचाकी वेगळी, आणि दिवसातून तीनदा, सकाळी दहा, संध्याकाळी सात, रात्री अकरा, कारण स्टिल्टप्लस म्हणाले तसं रात्रीचे मालक वेगळे आणि सकाळचे वेगळे. नंबर प्लेटचे शेवटचे चार आकडे लिहिले की कोण दिवसभर हलत नाही ते कळेल. फोटो काढायचे नाहीत, उगाच भांडणं नकोत.

स्टिल्ट_प्लस_सात

मी येतो, लेझर टेप आणतो. स्टिल्टमध्ये जिथे गाड्यांऐवजी गोडाऊन, ऑफिस नाहीतर सोसायटीचा मंडप-गणपतीचं सामान आहे ते पाचव्या रंगात घ्या, प्लॅनवर ते पार्किंगच आहे.

गाळा_नंबर_चार

दहाच्या फेरीला दुकानात या, चहा माझ्याकडे. शेजारच्याचा टायर पण मोजा.

कोपरी_पूर्व

पोलीस चौक्यांबाहेर जप्त केलेल्या आणि बेवारस गाड्या वर्षानुवर्षं गंजत असतात त्या कुठल्या रंगात? चाकं नाहीत, पण जागा अडवतातच की.